राऊळकाका नको म्हणाले म्हणून

आमच्या सोसायटीत तीन माणसांना मान आहे. एक सेक्रेटरी करंदीकर बाई, कारण पंपाच्या खोलीची चावी त्यांच्याकडे असते. दुसरा आमचा वॉचमन धाकू, कारण पंप रुसला की तो फक्त त्याचंच ऐकतो. आणि तिसरा मी. निदान मी तरी तसं धरून चाललो होतो.

मी नंदकुमार राऊळ, राहणार गिरीछाया सोसायटी, बोरीवली पूर्व. सात मजल्यांची बिल्डिंग, मागे नॅशनल पार्कची भिंत, आम्ही पहिल्या मजल्यावर. माझ्या मानाचं कारण असं की दरवर्षी दहावी-बारावीचे निकाल लागले की सोसायटी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडून मुलांचा गुणगौरव करते आणि त्यात माझं भाषण असतं. विषय ठरलेला, 'पुढे काय?'. कुठल्या शिक्षणाला मागणी येणार, कुठली लाइन बसणार, हे मी सांगतो. लोक बटाटावड्याची प्लेट मांडीवर ठेवून ऐकतात, वडा गार होतो तरी हलत नाहीत. करंदीकर बाई तर मोबाइलवर रेकॉर्ड करतात. एवढं मन लावून लोक आरतीसुद्धा म्हणत नाहीत. मी मनात म्हणायचो, नंद्या, काहीतरी पुण्य आहे बाबा तुझ्या गाठीशी.

आता हा कोण लागून गेला सांगणारा, असं तुम्हाला वाटेल. तर अनुभव. या देशात कामधंद्याची हवा जेव्हा जेव्हा पालटली तेव्हा मी जागेवर हजर होतो, आणि दर वेळी चुकीच्या बाजूला उभा होतो. टायपिंगची इंग्रजी-मराठी दोन्ही सर्टिफिकिटं घेऊन अंधेरीच्या एका कंपनीत लागलो, आणि त्याच महिन्यात त्यांनी कॉम्प्युटर आणून टाइपरायटर जिन्याखाली ढकलले. मला जिन्याखाली ढकलता येईना, म्हणून स्टोअरमध्ये बसवलं. मग क्लास लावून कॉम्प्युटरवर लिहायला शिकलो. शिकून बाहेर पडतो तर लोक दुसऱ्याच प्रोग्रॅमवर लिहीत होते. मधे पेजर विकले. पेजरबद्दल मी काही बोलणार नाही. मग लग्नपत्रिका डिझाइन करायला शिकलो, गणपती असा काढायचो की सोंड बघून लोक हात जोडायचे. तर लोकांनी पत्रिका छापायच्याच सोडल्या आणि फोनवर पाठवायला लागले. टायपिंगने मला टिकाऊ असं एकच दिलं, ती म्हणजे नीलम. क्लासात ती शेजारच्या मशीनवर बसायची, म्हणून आजही मला 'अहो' वगैरे न म्हणता 'अरे नंदू' म्हणते.

शेवटी मी मालाडला एका कंपनीत लागलो. आधी तिथे मुलं गिऱ्हाइकांशी फोनवर बोलायची आणि मी ते बोलणं ऐकून मार्क द्यायचो. मग मार्क द्यायला मशीन आलं. त्यानंतर मशीनने दिलेल्या मार्कांना मी मार्क द्यायचो. ते विचारायचं, बरोबर का? मी म्हणायचो, बरोबर. कधी म्हणायचो, चूक. ते शिकायचं. त्याचं शिक्षण पूर्ण झालं की माझी नोकरी पूर्ण होणार, हे मला माझा साहेब ओजस याने फार गोड शब्दांत सांगितलं होतं. ओजस माझ्या निम्म्या वयाचा आहे आणि मला 'नंदू सर' म्हणतो.

याचं खापर मी माझ्या वडिलांवर फोडतो. अण्णा गिरणीत विणकामात होते. संप झाला, गिरणी बसली, आणि अण्णा बोरीवलीत वॉचमनकी करायला लागले. तेव्हा त्यांनी मला समोर बसवून सांगितलं होतं, "मशिनीक हात लावू नको. टेबलावर बस." मी बसलो. जन्मभर वेगवेगळ्या टेबलांवर बसलो, आणि दर वेळी मशीन येऊन म्हणालं, ऊठ.

तर गेल्या वर्षीच्या गुणगौरवाला प्रमुख पाहुणा होता आमच्याच पाचव्या मजल्यावरचा सिद्धेश. शाळेत असताना हा पोरगा जिन्यात बसून क्रिकेटच्या धावांची सरासरी काढत बसायचा. बारावीनंतर माझ्याकडे आला होता, काका, स्टॅटिस्टिक्स घेऊ का? मी त्याला खांद्यावर हात ठेवून समजावलं होतं की बाळा, आकडेमोड आता मशीन करणार, तू कशाला त्यात जन्म घालवतोस, हार्डवेअर कर. आता तोच सिद्धेश अंधेरीच्या एका काचेच्या बिल्डिंगमध्ये बसतो, आणि कुठल्या गावात कुठल्या कामाला माणसं कमी पडणार हे आकड्यांवरून सांगतो. म्हणजे जे मी फुकटात करतो तेच. मला अभिमान वाटला. माझा विद्यार्थीच म्हणायचा.

सिद्धेश माइकपाशी गेला, आईवडिलांचे आभार मानले, सोसायटीचे मानले, आणि मग माझ्याकडे हात करून म्हणाला, "आणि सगळ्यात मोठे आभार राऊळकाकांचे. काका नको म्हणाले म्हणून मी स्टॅटिस्टिक्स घेतलं."

पार्किंगमध्ये हशा पिकला. टाळ्या पडल्या. मीही टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, पोरगं गडबडलं, त्याला दुसरंच काही म्हणायचं होतं. पण तो पुढे म्हणाला, "आपल्याकडे ही सोयच आहे. बाकीच्या सोसायट्यांना करिअर काउन्सेलर शोधावा लागतो. आपण काकांना विचारायचं आणि उलटं करायचं. आजवर एकदाही फसलं नाही."

परत टाळ्या. या वेळी माझे हात मध्येच थांबले.

पहिल्या रांगेत अस्मिता बसली होती. तिला मी म्हणालो होतो, फिजिओथेरपीत काय आहे, माणसाचे खांदे चोळून देण्याचे कोण पैसे देणार? आता बोरीवली वेस्टला तिचं क्लिनिक आहे. कॉम्प्युटरपुढे बसून माना अवघडलेली माणसं तिथे ताटकळत बसलेली असतात, त्यात दर गुरुवारी मीही असतो. अस्मिता माझ्याकडे बघून इतकं प्रेमाने हसली की मला कुठे तोंड लपवावं कळेना.

करंदीकर बाई लगबगीने माझ्यापाशी आल्या. नाव वसुधा, पण त्यांना नावाने हाक मारायची कुणाची हिंमत नाही. "अहो राऊळ, तुमचा चेहरा का उतरला? तुम्हाला माहीत होतं ना?"

"काय माहीत होतं?"

"म्हणजे नव्हतं?" बाई खरोखरच ओशाळल्या. "आम्हाला वाटलं तुम्ही मुद्दाम तसं सांगता. खेळकरपणे." मग लगेच म्हणाल्या, "पण थांबवू नका हां भाषण. नववीतली मुलं आहेत अजून."

घरी आलो. नीलम भाजी निवडत होती. मी म्हणालो, "नीलम, लोक माझं ऐकून उलटं करतात."

ती मान वर न करता म्हणाली, "तुला आज कळलं?"

खाटेवर अण्णा पडले होते. त्र्याऐंशी वर्षांचे आहेत, कानाला कमी ऐकू येतं, पण माझी फजिती बरोब्बर ऐकू येते. अंग हलवून हसायला लागले. "रे नंद्या, तुझा बोलणा उलटा जाता, ता माका कधीचा म्हायत. तू म्हणालंस, पाऊस नाय पडाचो, की मी छत्री घेतंय."

झालं. घरातही तेच. मला त्या क्षणी राग आला, रडू आलं आणि भूकही लागली. मी गुणगौरवातला गार वडा खाल्ला.

आणि नेमकं त्याच संध्याकाळी माझी मुलगी जान्हवी माझ्यासमोर येऊन बसली. "बाबा, बोलायचंय."

जान्हवी आमची एकुलती एक. लहानपणी मिक्सर बिघडला की खोलून बसायची, परत जोडायची, वर दोन स्क्रू उरवायची, तरी मिक्सर चालायचा. बारावीनंतर तिला पॉलिटेक्निकला जायचं होतं. मी म्हणालो, आयटी कर. तिने आयटी केलं. मी म्हणालो, सॉफ्टवेअर तपासायचा कोर्स कर, त्याला मरण नाही. तिने केला. वर्षभर एका कंपनीत होती, मग तिथे सॉफ्टवेअरच सॉफ्टवेअर तपासायला लागलं आणि हिच्यासकट दहा पोरं घरी आली. तेव्हापासून घरात होती. तिच्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं असायचं आणि आतून आवाज यायचा नाही. आम्ही नवराबायको त्या दाराबद्दल एकमेकांशी बोलायचो नाही. मला त्याची भीती वाटायची.

"माझ्याकडे दोन गोष्टी आहेत," ती म्हणाली. "एक तुझ्या ऑफिसमधली."

ती नोकरी मीच जमवली होती. ओजसच्या केबिनबाहेर पाच वेळा घुटमळून, सहाव्या वेळी आत जाऊन. माझ्याच रांगेत, माझ्या शेजारची खुर्ची. मशीनला बरोबर-चूक सांगायचं.

"आणि दुसरी?"

"लिफ्ट."

"लिफ्टचं काय?"

"एका लिफ्टच्या कंपनीत ट्रेनी घेतायत. अंधेरीला सेंटर आहे. बसवायची, दुरुस्त करायची. नवीन लिफ्टमध्ये अर्धं काम कॉम्प्युटरचंच असतं, म्हणून आयटी चालतंय. बाबा, आपल्या एका गल्लीत चार बिल्डिंगी पाडून टॉवर होतायत. चारही ठिकाणी लिफ्ट लागणार, आणि बसवायला माणसं नाहीयेत." मग तिने मान खाली घातली. "पण म्हणजे शिकलेलं सगळं सोडून पान्हा हातात घ्यायचा. शनिवारी दुपारपर्यंत कळवायचंय. तुला काय वाटतं?"

दोन तासांपूर्वी विचारलं असतं तर मी लगेच सांगितलं असतं. आता मात्र मला वेगळाच प्रश्न पडला. ही मुलगी म्हणून विचारतेय की सोसायटीची सभासद म्हणून? मी म्हणालो, "शनिवारी सांगतो."

आठवडाभर डोक्याचा पार भुगा झाला. ऑफिसात मशीन विचारायचं, बरोबर का? आणि मला घाम फुटायचा. मी कोण बाबा सांगणार? एकदा तर मी त्यालाच विचारलं, लिफ्टच्या कामाला भविष्य आहे का? त्याने दोन्ही बाजूंनी इतकं छान समजावलं की मला परत काहीच कळलं नाही. हे माझ्याकडूनच शिकलंय, दुसरं काय.

मधल्या एका दिवशी आमची लिफ्ट बंद पडली. मला काही फरक पडत नाही, पहिल्या मजल्यावर लिफ्टने जाणाऱ्या माणसाकडे करंदीकर बाई बघतात. पण अण्णांची कोकमं गच्चीवर वाळत होती आणि ती खाली आणायची होती. सात मजले चढून वर पोचलो तेव्हा माझा श्वास कुठल्यातरी मधल्या मजल्यावर राहिला होता. गच्चीच्या कोपऱ्यात लिफ्टच्या मशीनची खोली आहे. तिचं दार उघडं होतं. आत दुरुस्तीला आलेले भीमराज उभे होते, आणि त्यांच्या शेजारी उकिडवी बसलेली माझी जान्हवी.

तिच्या गालाला काळं ग्रीस लागलं होतं. ती भीमराजना काहीतरी विचारत होती, ते सांगत होते, ती ऐकत नव्हती कारण तिला उत्तर आधीच कळलं होतं आणि ती पुढचं विचारत होती. मग त्यांनी तिला चाक हाताने फिरवू दिलं. लोखंडी दोर सरकले. खाली कुठेतरी चौथ्या मजल्यावर अडकलेला लिफ्टचा डबा हलला असणार. जान्हवी हसली. मोठ्याने नाही, स्वतःशीच.

मी किती महिन्यांनी तिला हसताना बघत होतो. ताट हातात घेऊन तिथेच उभा राहिलो. मला एकदम अण्णा आठवले, गिरणीतल्या मागाबद्दल बोलताना त्यांचा हात आपोआप हवेत चालायला लागतो ते. आणि मला अगदी पक्कं, स्वच्छ वाटलं की हिने हेच करावं.

वाटलं आणि मी ताट घेऊन तसाच मागे सरकलो.

कारण मला वाटलं होतं. मला. आजवर मला जे जे पक्कं वाटलं ते ते बुडालं. म्हणजे लिफ्ट बुडणार? उद्या लोक तळमजल्यावरच राहायला लागणार? की माझा अवलक्षणी गुण तोंडातून बोललं तरच लागतो, मनातल्या मनात वाटलं तर चालतं? कोकमं घेऊन सात मजले उतरेपर्यंत मी याचा विचार केला. तिसऱ्या मजल्यावर मला उत्तर सापडलं. इतकं सोपं की मी जिन्यातच थांबून हसलो. सगळे माझं ऐकून उलटं करतात. घरातसुद्धा. मग जान्हवीला लिफ्टच्या कामावर पाठवायचं तर मी काय म्हणायला हवं? नको म्हणायला हवं. जोरात म्हणायला हवं. जन्मात पहिल्यांदा माझ्या अंगचा गुण मी माझ्याच पोरीसाठी वापरणार होतो. झकास.

अण्णांना मी काही बोललो नाही, पण लिफ्टचं त्यांच्या कानावर आलंच होतं. कोकमं चाचपत नातीबद्दल म्हणाले, "चेडू दोराक लटकतला मगे?"

"मग तुम्हाला काय वाटतं अण्णा?"

"माका काय इचारतंस? मी तुका टेबलावर बसवलंय, ता दिसताच आसा." मग एक कोकम तोंडात टाकून म्हणाले, "पण माणसांका वर जावचाच लागता रे."

शनिवार उजाडला. मी सकाळी आरशापुढे उभा राहून भाषणाची तयारी केली. नीलमने विचारलं, दाढी करतोयस की भांडतोयस? मी म्हणालो, बघच तू. चहा झाल्यावर जान्हवीला समोर बसवलं.

"हे बघ जानू. मी खूप विचार केला. लिफ्टच्या लाइनला काही भविष्य नाही."

ती ऐकत होती.

"एक तर धोक्याचं काम. त्यात मुलगी. लोक आपल्या पदवीला हसतील. चार टॉवर होतायत, होऊन जातील, मग काय? माझ्या ऑफिसात ये. माझ्या शेजारी बस. पंखा आहे, एसी आहे, कॅन्टीन आहे. मशीनला शिकवायचं काम कधी संपत नसतं." हे शेवटचं मी तिच्याकडे न बघता म्हणालो. "माझा अनुभव सांगतो, लिफ्ट नको."

मी आयुष्यात इतकं चांगलं बोललो नव्हतो. स्वतःला थोपटावंसं वाटलं.

जान्हवीने चहाची कपबशी बाजूला सरकवली. मग म्हणाली, "बरं." उठली आणि फोन घेऊन गॅलरीत गेली.

मी नीलमकडे बघून डोळा मारला. ती माझ्याकडे असं बघत होती जसं दूध उतू जाताना बघतात. मी म्हणालो, "अगं, कळत नाही का तुला? मी नको म्हणालो, म्हणजे आता ती..."

गॅलरीतून जान्हवीचा आवाज आला. "हॅलो मॅडम, जान्हवी राऊळ बोलतेय, बोरीवलीहून. ते ट्रेनीचं कळवायचं होतं. मला नाही जमणार यायला."

मला क्षणभर कळलंच नाही. कळलं तेव्हा मी उठलो होतो. मधे अण्णांच्या कोकमांचं ताट होतं, ते लाथेने उडालं, घरभर कोकमं झाली, मी त्यांच्यावरून घसरत गॅलरीत पोचलो आणि तिच्या हातातला फोन खेचला.

"मॅडम, ती येणार आहे."

"कोण बोलतंय?" पलीकडून एका बाईंचा शांत आवाज.

"मी तिचा बाप. ती येणार आहे. मी तिला नको म्हणालो, पण ते उलटं घ्यायचं होतं."

"काय घ्यायचं होतं?"

"उलटं. आमच्या सोसायटीत सगळे घेतात."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग बाई म्हणाल्या, "सर, मुलीचा निर्णय तिलाच कळवू द्या. मी दुपारपर्यंत आहे इथे." आणि फोन ठेवला.

जान्हवी माझ्याकडे बघत होती. तिचे डोळे भरले होते, आणि ती चिडलीही होती. "तू माझ्याशी खोटं बोललास?"

"तुझ्यासाठीच गं. मला वाटलं तूही सगळ्यांसारखं उलटं करशील."

"मी?" ती म्हणाली. "मी कधी केलं उलटं? मला पॉलिटेक्निकला जायचं होतं. तू म्हणालास आयटी, मी आयटी केलं. तू म्हणालास टेस्टिंग, मी टेस्टिंग केलं. अस्मिताताई, सिद्धेशदादा, सगळे मला खाली भेटले की सांगायचे, वेडी आहेस का, बाबांचं कुणी ऐकतं का? मी भांडायचे त्यांच्याशी."

मी कठड्याला धरून उभा राहिलो. आत नीलम जमिनीवर बसून कोकमं गोळा करत होती. ती हळूच म्हणाली, "अख्ख्या सोसायटीत हिने एकटीने तुझं सरळ ऐकलं रे नंदू."

गुणगौरवात सगळे हसले तेव्हा मला लाज वाटली होती. पण ती काहीच नव्हती. शंभर माणसं माझ्या सल्ल्यातून सुटली, आणि जिच्यासाठी मी जीव टाकतो ती एकटी त्यात सापडली, कारण तिचा माझ्यावर विश्वास होता. ते अर्धवट लोटलेलं दार मीच लोटलं होतं. मला तिची माफी मागायची होती. पायाला कोकमाचा लाल रस लागला होता आणि मी मूर्खासारखा एका पायावर उभा होतो.

जान्हवीने डोळे पुसले. "आता खरं सांग. तुला काय वाटतं?"

"माझं नको ऐकू जानू. खरंच नको. तुझ्या आईला विचार."

"आईला विचारलंय. ती म्हणाली जा. मी तुला विचारतेय."

मग मी सांगितलं. भाषण नव्हतं ते. मला भविष्यातलं काही कळत नाही, कधीच कळलं नव्हतं. मी फक्त गच्चीवर कोकमं आणायला गेलो होतो आणि तिला चाक फिरवताना बघितलं होतं. "तू हसत होतीस," मी म्हणालो. "मला वाटतं तू जावंस. आणि मला असं वाटतंय म्हणून मी घाबरलोय."

ती रडता रडता हसली. माझ्या हातातला फोन घेतला आणि परत लावला. "मॅडम, परत जान्हवी राऊळ. हो, ते बाबाच होते. मी येतेय सोमवारी."

ही बातमी संध्याकाळपर्यंत सातव्या मजल्यावर पोचली. राऊळांनी स्वतःच्या मुलीला हो म्हटलं. लोक जिन्यात भेटले की माझ्याकडे न बघता जान्हवीकडे बघायचे, हॉस्पिटलात भेटायला आल्यासारखे. करंदीकर बाईंनी नीलमला बाजूला घेऊन विचारलं, "अजून वेळ गेलेली नाहीये ना?"

त्याला आता वर्ष होईल. मालाडच्या मशीनचं शिक्षण दिवाळीला पूर्ण झालं. ओजसने मला शाल दिली, मशीनला काही दिलं नाही, एवढंच समाधान. मी घरी असतो, अण्णांशी भांडतो. जान्हवी सकाळी हेल्मेट आणि भाकरीचा डबा घेऊन जाते आणि संध्याकाळी काळे हात घेऊन येते. जेवताना दोर, ब्रेक, वजन असं काहीबाही बोलते. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. मी मान हलवतो. तिच्या खोलीचं दार उघडं असतं आणि आत पसारा असतो.

यंदा सोसायटीने जुनी लिफ्ट काढून नवी बसवली. सर्वांत स्वस्त बोली जान्हवीच्या कंपनीची निघाली, त्यामुळे करंदीकर बाईंचा नाइलाज झाला. भीमराजही त्याच कंपनीतले, आणि त्यांच्या हाताखाली जी चार पोरं होती त्यात जान्हवी होती. लिफ्ट चालू झाली त्या दिवशी नारळ फोडला, पेढे वाटले, आणि करंदीकर बाई आपले दुखरे गुडघे घेऊन पाच मजले जिन्याने चढून गेल्या. त्यांनी धाकूला सांगितलं म्हणे, राऊळ ज्याला हो म्हणाले त्यात मी पाय ठेवणार नाही. आठवडाभर त्या चढत होत्या आणि प्रत्येक मजल्यावर थांबून देवाचं नाव घेत होत्या.

मी पहिल्या मजल्यावर राहतो. मला लिफ्टचं काही काम नाही. तरी रोज संध्याकाळी भाजी घेऊन आलो की आत शिरतो, सातचं बटण दाबतो, वर जातो, आणि मग खाली पहिल्यावर येऊन उतरतो. नीलम म्हणते, वेड लागलंय तुला. लागलंय.

काल मी असाच आत उभा होतो. दार बंद होणार तेवढ्यात समोर करंदीकर बाई आल्या. हातात दोन पिशव्या, एका पिशवीत कलिंगड. त्यांनी जिन्याकडे बघितलं, मग गुडघ्यांकडे, मग माझ्याकडे. मी बटण दाबून दार धरून ठेवलं.

"राऊळ," त्या म्हणाल्या, "खरं सांगा. चांगली आहे का ही लिफ्ट?"

माझ्या पोरीने जोडलेली होती ती. मला ओरडून सांगायचं होतं की बाई, अख्ख्या बोरीवलीत अशी लिफ्ट नसेल. ते शब्द ओठांवर आले होते. मी ते तसेच आत ढकलले.

"अजिबात चांगली नाही," मी म्हणालो. "माझं ऐका, जिन्यानेच जा."

बाईंच्या चेहऱ्यावरची काळजी एकदम उतरली. त्या आत आल्या, कलिंगडाची पिशवी माझ्या हातात दिली आणि पाचचं बटण दाबलं.